दुमियातचा पत्ता कसा उघडला

जबाब देणार: बहगत फिक्री हसनैन, वय ४३ वर्षे, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, घर व दुकान कालव्याच्या रस्त्याला, मनशात अबू शामा, जिल्हा सोहाग.
गुरुवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२३. लिहायला सुरुवात सकाळी १० वाजून २० मिनिटांनी.

मला कोणी बोलावलेले नाही. मी आपल्या पायांनी ठाण्यावर येऊन समक्ष सांगतो की,

सगळ्यात आधी हे लिहून घ्यावे. दुमियात शहरात एक बाई एका बालवाडीत शिकवते. तिचा नवरा तिच्या जिवावर उठला आहे. तो तिथे पोचला असेल, नाहीतर पोचण्याच्या बेतात असेल. तिथला पत्ता त्याला माझ्या हातून मिळाला. तिथल्या पोलिसांना आत्ताच्या आत्ता फोन करावा. यावर ठाणे अंमलदार म्हणाले की दुसऱ्या जिल्ह्याला संदेश पाठवायचा तर आधी जबाब पुरा होऊन त्यावर सही लागते, आणि जबाब मुळापासून क्रमाने सांगावा लागतो. म्हणून क्रमाने सांगतो. घाईत काही मागेपुढे झाले तर ते घाईमुळे समजावे.

त्या बाईची आई उम्म सईद माझ्याबरोबर आल्या आहेत. त्या समोर बाकावर बसल्या आहेत आणि माझ्या फोनवरून बालवाडीचा नंबर फिरवत आहेत. घंटी वाजते, कोणी उचलत नाही.

मी सतरा वर्षे हा धंदा करतो. गावात कॉम्प्युटर दुरुस्तीची तीन दुकाने आहेत. बाजारातला फरगली मशीन सरळ पुसून कोरे करतो आणि त्यालाच दुरुस्ती म्हणतो. त्याच्याकडे लोक मुलीच्या लग्नाचे फोटो घेऊन जातात आणि रिकामी पेटी घेऊन येतात. मी आजपर्यंत कोणाची एक फाइल घालवलेली नाही. याचा मला अभिमान होता. होता असेच लिहावे.

मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास एक इसम काळे लॅपटॉप मशीन घेऊन दुकानात आला. अंगात इस्त्री केलेला करडा पायघोळ झगा, म्हणजे गलाबिया, पायात चकचकीत बूट, हातात जपमाळ. नाव नशअत गाबिर सांगितले. धान्याच्या कोठारात वजनावर कारकून आहे असे म्हणाला. मी त्याला आधी पाहिलेले नव्हते. बोलणे फार गोड. मला पहिल्या वाक्यापासून इंजिनिअरसाहेब म्हणू लागला. आमच्याकडे हातात स्क्रू-ड्रायव्हर धरणाऱ्याला सगळे इंजिनिअरच म्हणतात, तरी ऐकायला बरे वाटते.

तो म्हणाला, "फरगलीकडे नेलं होतं. तो म्हणतो पासवर्ड नसेल तर पुसावं लागेल. मी म्हटलं, हात नको लावूस. यात माझ्या वडिलांचे शेवटचे फोटो आहेत."

वडिलांचे नाव काढले आणि मी विरघळलो. माझे वडील गेले तेव्हा माझ्याकडे त्यांचा एकही धड फोटो नव्हता.

त्या वेळी दुकानात तिसरा माणूस हाजी हिलमी होता. त्याचे शेजारी इस्त्रीचे दुकान आहे. त्याच्याकडची वीज गेली होती, म्हणून तो माझ्याकडे चहा पीत बसला होता. त्याच्या खुर्चीपासून त्या मशीनचा पडदा दोन हातांवर होता. हे अंतर मी आज सकाळी हाताने मोजले.

मशीनचा आजार असा. सुरू केले की टिपके गोल गोल फिरत आणि मग निळा पडदा येई. त्या पडद्यावर दुरुस्तीची हत्यारे असतात. मशीन जुन्या तारखेला मागे न्यायचे, सुरू होण्याचा भाग नीट करायचा, असली. पण त्यातले कुठलेही निवडले की ते आधी मशीनच्या मुख्य खात्याचा पासवर्ड मागे. म्हणजे हातोडी पेटीत आहे आणि पेटीची किल्ली मालकाकडे. खाते एकच होते. ते बाईच्या नावाचे होते.

मी सवयीने मोठ्याने वाचायला लागलो, "यात मुख्य खातं आहे क…" आणि थांबलो. नशअतने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने हाजी हिलमीकडे पाहिले. माझे कान तापले. परक्या माणसासमोर याच्या घरातल्या बाईचे नाव मी तोंडातून काढणार होतो.

मी म्हटले, "माफ करा, चुकलो."

तो खाली पाहून म्हणाला, "घरातलंच मशीन आहे, उस्ताद. मंडळी वापरतात."

मी लगेच खणातून वायरला गुंडाळायची काळी चिकटपट्टी काढली, तिचा तुकडा तोडला आणि पडद्यावर त्या नावावर लावला. हाजीला दिसू नये म्हणून. नशअतने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुमच्यावर चांगले संस्कार झालेत." मी खूश झालो. पट्टी अजून पडद्यावर आहे. मशीन मी ठाण्यात जमा केले आहे.

विचारल्यावरून सांगतो की, होय, माझ्या दुकानात एक नियम आहे. पासवर्ड काढायचा असेल तर मालकाच्या स्वतःच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी हात लावत नाही. मालक समोर हवा, नाहीतर फोनवर हवा. सहा वर्षांपूर्वी दोन भाऊ-भागीदारांच्या भांडणात मी नाहक अडकलो होतो, तेव्हापासून हा नियम भिंतीवर लिहून लावला आहे.

पुढे विचारल्यावरून सांगतो की, या वेळी मी तो पाळला नाही. मालक बाई होती. "तुमच्या बायकोला जरा मला फोनवर द्या, ती कोण ते विचारतो," असे आमच्या गावात कोणी कोणाला म्हणत नाही. म्हणणाऱ्याचे दात त्याच्या हातात येतात. नवऱ्याने मंडळी म्हटले की तिथे विषय संपतो.

अंमलदारांनी विचारले की आजकाल बायकांची नावे शाळेच्या फळ्यावर असतात, दवाखान्याच्या पाटीवर असतात, त्यात एवढे काय. मी उत्तर दिले की बाशासाहेब, तुम्ही याच गावचे, तुमच्या मातोश्रींचे नाव मला वीस वर्षांत कळलेले नाही आणि मी विचारणारही नाही. हे वाक्य लिहायचे की नाही यावर थोडा वेळ गेला. नंतर लिहिले.

नशअत म्हणाला, "थांबा, मी बघतो पासवर्ड." त्याने मशीन स्वतःकडे ओढले आणि एका बोटाने टाइप केले. मला अक्षरे दिसत नव्हती, बोट दिसत होते. स्वतःचे नाव टाकले. नाही चालले. नावापुढे आकडे टाकले. नाही चालले. तिसऱ्यांदा त्याने फार सावकाश टाइप केले, तेही नाही चालले.

तो हसून म्हणाला, "बायको नवऱ्याचं नाव ठेवणार नाही, तर कुणाचं ठेवणार?"

हाजी म्हणाला, "माझीने माझ्यावरून ठेवला असता ना, तर शिवीच ठेवली असती. तीसुद्धा लांबलचक. मला टाइप करता करता संध्याकाळ झाली असती."

मी हसलो. हाजी स्वतः हसला. नशअतही हसला, पण आमचे हसून झाल्यावर.

मी त्याला बुधवारी दुपारी यायला सांगितले. मशीन ठेवून जा म्हटले तर नाही म्हणाला. "माझ्यासमोरच उघडा," म्हणाला. फोटोंची काळजी असेल असे मला वाटले.

बुधवारी तो एक वाजता आला. मी तयारी करून ठेवली होती. ती अशी, की मशीनच्या पोटातली हत्यारे पासवर्ड मागतात, पण तीच हत्यारे बाहेरून पेन ड्राइव्हवर घालून आणली आणि मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केले, तर ती कोणाला काही विचारत नाहीत. पुढच्या दाराला कुलूप असले तरी गवंडी मागच्या भिंतीतून आत येतो, तसे. डिस्कला वेगळे कुलूप असते तर माझेही चालले नसते. तिने ते लावलेले नव्हते. साध्या माणसाला ते कुठून माहीत असणार.

सव्वा तास लागला. सुरू होण्याचा बिघडलेला भाग नीट केला, मग मुख्य खात्याचा पासवर्ड काढून टाकला. सगळा वेळ तो माझ्या पाठीमागे उभा होता. खुर्ची दिली तर बसला नाही.

त्याने विचारले, "पासवर्ड काय होता ते दिसेल का?"

मी म्हटले, "नाही. तो काढता येतो, वाचता येत नाही."

"म्हणजे तिच्या मनात काय होतं ते कळायचं नाही."

मला वाटले चेष्टा करतो आहे. मी म्हटले, "ते कुठल्या नवऱ्याला कळलंय?"

मशीन उघडले. एकही फाइल गेली नव्हती. मी म्हटले, "वडिलांचे फोटो शोधू?"

तो म्हणाला, "आधी शेवटचं काय उघडलं होतं ते दाखवा."

विचारल्यावरून सांगतो की, यात मला काही वावगे वाटले नाही, कारण मी स्वतःच तसे करतो. गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून शेवटची फाइल उघडून दाखवतो. मी उघडली. ते एका बालवाडीने दिलेले नेमणुकीचे पत्र होते. वर बालवाडीचा पत्ता, दुमियात, रास-अल-बर्रकडे जाणारा रस्ता, आणि कचेरीचा फोन. खाली राहायच्या खोलीचा पत्ता आणि बाईचा नवा मोबाइल नंबर. वाचण्यासाठी तो वाकला तेव्हा त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

त्याने माझ्याकडे पेन मागितले. सिगारेटच्या पाकिटावर दोन्ही पत्ते उतरवून घेतले. अक्षर वळणदार, ओळी सरळ. पेन पुसून परत दिले. मजुरी न घासाघीस करता दिली आणि निघाला.

मी म्हटले, "अहो, मशीन?"

"राहू दे. लागलं तर नेईन."

"आणि फोटो?"

"कसले फोटो?" मग म्हणाला, "हां. ते नंतर."

तो गेला तेव्हा पावणेतीन वाजले होते. ज्या मशीनसाठी माणूस दोन दिवस एवढा जीव टाकत होता, ते तो माझ्या टेबलावर टाकून गेला. ते मला खटकले. हे मी लपवत नाही. उठून त्याच्या मागे जावे असे वाटले. मग एक बाई चार्जर घ्यायला आली आणि मी तिला चार्जर दिला. मशीन दुरुस्त झालेल्यांच्या फळीवर ठेवले.

(या ठिकाणी उम्म सईद यांनी मध्येच विचारले, "झालं का रे लेका लिहून?" अंमलदार म्हणाले, "खाला, नवरा-बायकोची भांडणं अशी रोज दहा येतात, नीट होतात." उम्म सईद म्हणाल्या, "बाशा, मागच्या वर्षी तिचा हात मोडला, तेव्हाही तुम्ही असंच म्हणाला होतात." हे लिहू नका असे अंमलदार म्हणाले. हा माझा जबाब आहे आणि मला हे लिहून हवे आहे, असे मी म्हटले. वेळ ११ वाजून ५ मिनिटे.)

आज सकाळी नऊ वाजता दुकान उघडून मी धूळ झटकत होतो. उम्म सईद दारात आल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांना दम लागला होता. त्या म्हणाल्या, "एक काळं मशीन आलंय का? कोपरा तुटलेला, त्याला नखांचा गुलाबी रंग फासलाय?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी फळीवर पाहिले आणि दोन्ही हात मशीनवर ठेवले.

"करीमानचं आहे हे," त्या म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या.

हाजी हिलमी शेजारी निखारे फुंकत होता, तो आमच्या दारात आला. "करीमान? आपल्या बालवाडीतली बाई करीमान? माझ्या नातीला शिकवायची ती? अहो, ती तर नवऱ्याला सोडून कुठेतरी निघून गेली ना? ईदच्या आधी?"

मी हाजीला विचारले, "तुला ती माहीत आहे?"

तो म्हणाला, "अख्ख्या गल्लीला माहीत आहे. हात गळ्यात बांधून शिकवायला यायची. नवरा कोणी पाहिला नाही, पण त्याचं काम सगळ्यांनी पाहिलंय. का? काय झालं?"

हाजी मंगळवारी दोन हातांवर बसला होता. मी ते नाव पुरे उच्चारले असते तर तो तिथेच बोलला असता. मी पट्टी लावली नसती तर त्याने वाचले असते. उम्म सईदनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि त्यांना कळले.

त्यांनी सांगितले ते असे. करीमान पाच महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. कुठे गेली ते तिने आईलाही सांगितले नाही. "तुला कुराणावर हात ठेवायला लावतील, आई. माहीतच नसेल तर खोटं बोलावं लागणार नाही," असे म्हणाली. फोन दर शुक्रवारी ती करते, तोही दुसऱ्या कोणाच्या नंबरवरून. नोकरीची बोलणी तिने याच मशीनवर केली. निघायच्या आठवड्यात मशीन बंद पडले. बंद मशीन कशाला ओझे म्हणून आईकडे ठेवले आणि बजावले की कोणाला देऊ नकोस. नशअतने वडीलधाऱ्यांच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितले होते की ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी तिला संपवीन. सोमवारी तो सासूकडे समेट करायला म्हणून पेरूंची पिशवी घेऊन आला. त्या चहा टाकायला आत गेल्या. पलंगाखालून मशीन गेले हे त्यांना बुधवारी संध्याकाळी झाडताना कळले. आज सकाळी त्या आधी फरगलीकडे, मग स्टेशनजवळच्या दुकानात, मग माझ्याकडे आल्या.

म्हणजे ते मशीन बिघडलेले होते तोवर ती सुखरूप होती. फरगलीने पुसले असते तरी ती सुखरूप राहिली असती. गावातला सगळ्यात वाईट कारागीर तिला वाचवत होता आणि चांगला कारागीर मी निघालो. हे मला अंमलदारांनी विचारलेले नाही, मीच सांगतो.

यानंतर मी जे केले ते याहून वाईट आहे. मी मशीन उघडले, पत्र काढले आणि तिचा नंबर माझ्या फोनवरून लावला. उम्म सईद शेजारी उभ्या होत्या. फोन त्यांच्या हातात द्यायला हवा होता. माझ्या डोक्यात एकच, की लवकर सांगावे. दुसऱ्या घंटीला तिने उचलला, पण बोलली नाही.

मी म्हटले, "मी मनशातहून बोलतोय. तुमचे मिस्टर…"

फोन तुटला. लगेच परत लावला तर बंद. परक्या पुरुषाचा आवाज, आमच्याकडची बोली, आणि दुसऱ्याच वाक्यात मिस्टर. तिच्या जागी मी असतो तर मीही बंदच केला असता. उम्म सईदनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यानंतर अकरा वेळा लावला. बंदच होता. त्या मला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

हाजी हिलमी कोठारावर जाऊन चौकशी करून आला. नशअत गाबिर बुधवारी तीनला रजा टाकून गेला. संध्याकाळच्या कैरोच्या गाडीत बसताना त्याला कोठारातल्या हमालाने पाहिले. ती गाडी पहाटे कैरोला पोचते. तिथून दुमियातला मिनीबसने चार तास. म्हणून मी दुकान उघडे टाकून इथे आलो.

विचारल्यावरून सांगतो की, मला नशअतकडून मजुरीखेरीज काही मिळालेले नाही. माझे त्याच्याशी नाते नाही. त्या बाईशीही नाही. मी तिला कधी पाहिलेले नाही. तिचे पूर्ण नाव मला आज सकाळी कळले. ते लिहून घ्यावे. करीमान अब्दुस्सत्तार मुनीर, वय २९.

११ वाजून ४७ मिनिटांनी बालवाडीचा फोन उचलला गेला. अंमलदारांच्या सांगण्यावरून मी आवाज मोठा केला. जे बोलणे झाले ते मी, अंमलदार आणि उम्म सईद यांनी ऐकले. ते असे.

पलीकडे बालवाडीच्या मुख्य बाई होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, किती वेळ वाजवताय! दोन वर्ग एकटीने सांभाळतेय मी. कोण बोलतंय?"

अंमलदारांनी ठाण्याचे नाव सांगून विचारले की मिस करीमान तिथे आहेत का.

"नाहीत. मघाशीच गेल्या. काही अपघात वगैरे झाला का? त्यांचे मिस्टर आहेत ना बरोबर."

अंमलदारांनी विचारले, "मिस्टर केव्हा आले?"

"साडेदहाला. फार सभ्य माणूस. रात्रभर प्रवास करून आलेले, मी चहा दिला. म्हणाले सासूबाई अत्यवस्थ आहेत, हिला न्यायला आलोय. मुलांसाठी बिस्किटंसुद्धा आणली होती."

उम्म सईद म्हणाल्या, "मी तिची आई. मी अत्यवस्थ नाही."

मुख्य बाई म्हणाल्या, "अहो, पण मी तिला विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, हे तुझे मिस्टर का? तिने मान हलवली. मग मी काय म्हणणार? त्यांच्या घरातली गोष्ट."

अंमलदारांनी विचारले की ती आधी काही म्हणाली होती का.

"सकाळी कुणाचा तरी फोन आला म्हणून पांढरीफटक पडली होती. बसच्या वेळा विचारत होती. मीच म्हटलं, मुलांना सोडून कुठे निघालीस, दुपारपर्यंत तरी थांब. थांबली बिचारी."

उम्म सईद यांनी विचारले, "माझ्यासाठी काही सांगून गेली का?"

"नाही हो. मिस्टर दारातच उभे होते. म्हणाले, लवकर. तिने पर्स घेतली फक्त. हां, एक केलं. वर्गातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड तिने स्वतःच घातलेला, कधी कुणाला द्यायची नाही. त्यावरून मी दोनदा रागावले होते तिला. तो आज कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवला. मी मागितला नव्हता. मी म्हटलं, अगं, रविवारी येशीलच की."

अंमलदारांनी ते कोणत्या दिशेने गेले ते विचारले. मुख्य बाईंनी सांगितले की टॅक्सी समुद्राकडे गेली, बसस्थानक उलट्या बाजूला आहे.

मला आणखी काही सांगायचे नाही. इथवर लिहिलेले सर्व अंमलदारांनी मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवले. वाचू नका, मी तशीच सही करतो, असे मी तीनदा म्हटले. नियमाप्रमाणे वाचावे लागते असे त्यांनी सांगितले. मी जे सांगितले तेच यात आहे. ते खरे आहे आणि ते माझे आहे.

सही: बहगत फिक्री हसनैन
जबाब पूर्ण: दुपारी १२ वाजून ३८ मिनिटे
दुमियातला संदेश रवाना: दुपारी १२ वाजून ५५ मिनिटे